निळी ठिकरी थराचं वय कसं सांगते?

उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या जुन्या ब्रिटिश वसाहती खणताना पांढऱ्यावर निळी छापील नक्षी असलेली खापरं हमखास निघतात. नाण्यांपेक्षा ती कितीतरी जास्त सापडतात, म्हणून थराचं वय ठरवताना त्यांच्यावरच भिस्त असते.

१७५६ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्याचं शपथेवर सांगितलं. पण तो छाप काचेसारख्या लेपाच्या वरचा, वापराने झिजणारा. १७८४ च्या सुमारास इंग्लंडमधल्याच स्टोकच्या जोसाया स्पोड या कारखानदाराने साध्या मातीच्या भांड्यांवर लेपाखालची निळी छपाई बसवली. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तेलात घोटलेला रंग भरायचा, त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यायचा, तो कागद भाजलेल्या बशीवर घासून चिकटवायचा आणि मग धुऊन काढायचा. तेल जाळून टाकलं की वर काचेसारखा लेप आणि पुन्हा भट्टी. या आचेत नीट टिकणारा रंग सुरुवातीला कोबाल्टचाच, म्हणून सगळं निळं. हिरवी, लाल, तपकिरी छपाई रुळली ती १८२० च्या दशकाच्या अखेरीस. त्यामुळे हिरव्या छपाईची ठिकरी निघाली, की तो थर त्याआधीचा नाही एवढं नक्की.

चित्रं मात्र सर्रास उचललेली. चिनी बशांची नक्कल तर होतीच (१७९० च्या सुमाराचा ‘विलो’ हा नमुना त्यातलाच). शिवाय स्पोडने विल्यमसनच्या ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’ या पुस्तकातली भारतातल्या शिकारीची दृश्यंही जेवणाच्या ताटांवर छापली. अस्वलाच्या शिकारीचं चित्र पुढ्यात घेऊन लोक जेवत! १८४२ च्या कायद्याने नक्षीला संरक्षण मिळालं आणि ही उचलेगिरी आटली. नोंदणीचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा शिक्काही तेव्हापासूनचा. तो १८८३ पर्यंत चालला.

‘विलो’ मात्र आजही छापला जातो, त्यामुळे नुसत्या नक्षीवर विसंबून चालत नाही. बुडाचा शिक्का पाहावा लागतो. ‘कोपलंड अँड गॅरेट’ (स्पोडचा कारखाना पुढे यांच्याकडे गेला) हे नाव असेल तर भांडं १८३३ ते १८४७ मधलं. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या फोर्ट व्हँकुव्हरला स्पोड-कोपलंडची खापरं ढिगाने निघाली आहेत, साहेबांच्या आवारात आणि बाहेरच्या कामगारवस्तीतही. त्या वस्तीत हवाईचे, फ्रेंच-कॅनेडियन आणि स्थानिक आदिवासी लोक राहत. त्यावरून त्यांना इंग्रजी थाटाची हौस होती असं म्हणणं घाईचं ठरेल. किल्ला हडसन बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीचा, दुकान तिचंच, आणि १८३० च्या दशकाच्या मध्यापासून ती भांडी मागवायची एकाच कारखान्याकडून.