खारींच्या अंगावरील गाठी व परजीवी

रानटी खारींच्या कातडीत येणारे फुगवटे, ते निर्माण करणारे जीव आणि त्यांच्याशी गल्लत होणारे त्वचारोग यांचा या नोंदीत समावेश आहे. उत्तर अमेरिकेतील खारींत गाठींची मुख्य कारणे दोन: क्युटेरेब्रा प्रजातीतील माशीच्या अळ्या आणि पॉक्स (देवीच्या) कुलातील विषाणू. दुरून दोन्ही आवाळवे सारखीच दिसतात. जवळून पाहता अळीच्या गाठीच्या माथ्यावर एक ओलसर छिद्र आढळते आणि भोवतालचे केस चिकटलेले असतात. विषाणूजन्य गाठीला असे छिद्र नसते.

माशीच्या अळ्या : क्युटेरेब्रा इमॅस्क्युलेटर ही जाती प्रामुख्याने पूर्वेकडील करडी खार, फॉक्स खार व चिपमंक (पट्टेदार छोटी खार) यांवर आढळते. मादी अंडी खारीच्या अंगावर घालत नाही, तर तिच्या वावरातील फांद्या व पाल्यावर घालते. जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या उबेने अंडी फुटतात आणि सूक्ष्म अळ्या तोंड, नाक, डोळे किंवा जखमेवाटे आत शिरतात. शरीरातून प्रवास करून त्या कातडीखाली स्थिरावतात. त्वचेला पाडलेल्या छिद्राशी अळीचे मागचे टोक असते, कारण तिची श्वसनरंध्रे तेथे असतात. सुमारे तीन-चार आठवड्यांत काळपट, काटेरी अळी दोन-अडीच सेंमी. लांब होते, बाहेर पडून जमिनीत कोशावस्थेत जाते आणि हिवाळा तेथेच काढते. प्रौढ माशी काहीही खात नाही. गाठी मुख्यतः उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दिसतात. अळी गेल्यावर जखम बहुधा आपोआप भरते.

या जातीचे वर्णन न्यूयॉर्क राज्याचे कीटकशास्त्रज्ञ एसा फिच यांनी साधारण 1856 मध्ये केले. अळी यजमानाचे वृषण खाऊन त्याला खच्ची करते, असा त्यांचा समज होता व तोच नावात उतरला (इमॅस्क्युलेटर म्हणजे खच्ची करणारा). शिकाऱ्यांमध्ये याहून वेगळी समजूत रूढ होती: तांबड्या खारी करड्या नरांना चावून खच्ची करतात. दोन्ही मतांचा उगम बहुधा एकाच निरीक्षणात असावा. अळ्या अनेकदा जांघेत व वृषणकोशाजवळ वाढतात, शिवाय खारींचे वृषण विणीचा हंगाम सरल्यावर आक्रसतात व उदरपोकळीत ओढलेही जातात. त्यामुळे मारलेल्या नरात वृषण जागेवर न दिसणे स्वाभाविक होते. अळी वृषण खात नाही, ती जागा व्यापते. हेच स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य वाटते.

विषाणूजन्य गाठी : करड्या खारींतील फायब्रोमा (तंतुमय गाठ) विषाणू सशांतील शोप फायब्रोमाचा (1932) नातलग असून 1953 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. डास व इतर चावणारे कीटक तो पसरवतात. गाठी काही मिमी.पासून अडीच सेंमी.पर्यंत असतात, त्यांवरील केस गळतात व काही गाठी एकमेकींत मिसळतात. पुष्कळदा त्या आपणहून जिरतात, पिल्लांना मात्र धोका अधिक.

ब्रिटनमधील तांबड्या खारींचा स्क्विरलपॉक्स याहून निराळा. त्यात डोळे, ओठ व पंजे यांवर खपल्या आणि स्रवणारे व्रण येतात व खार बहुधा दोनेक आठवड्यांत मरते. अमेरिकेतून आणलेल्या निरोगी करड्या खारींच्या रक्तात याची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात सापडली आहेत, म्हणून त्यांना वाहक मानतात. कणांच्या आकारावरून हा विषाणू पूर्वी पॅरापॉक्स या पॉक्स कुलातील गटात घालत. जनुकक्रम पाहता स्वतंत्र प्रजातीच योग्य ठरते.

कुष्ठरोग : कान, नाकपुडी व पायांवरील सूज आणि केसगळती ही तांबड्या खारींतील कुष्ठाची लक्षणे होत. 2016 मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावरील खारींत मानवी कुष्ठाचाच जंतू, तर ब्रिटन-आयर्लंडमधील इतर खारींत त्याचा जवळचा नातलग आढळला. इंग्लंडमधील विंचेस्टर येथील मध्ययुगीन खारीच्या हाडांतही मानवी कुष्ठाचा जंतू सापडला आहे (2024). तो माणसांकडून खारींत गेला की उलट, यावर एकमत नाही. त्या काळच्या फर-व्यापारामुळे संसर्ग दोन्ही दिशांनी होत असावा, हे मत विचारात घेण्याजोगे आहे.

इतर परजीवी : पिसवा, उवा व गोचिड्या सर्रास आढळतात. नोटोएड्रिस या माइटमुळे (कोळ्याच्या वर्गातील सूक्ष्म जीव) होणाऱ्या खरजेत गाठी येत नाहीत. त्वचा जाड, सुरकुतलेली व केसविरहित होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील करड्या खारींची संख्या या रोगाने काही ठिकाणी लक्षणीय घटली आहे.