नैराश्यरोधी औषधांचे पचनसंस्थेवरील दुष्परिणाम : द्विध्रुवीय विकाराच्या संदर्भात

नैराश्यरोधी औषध सुरू केल्यावर किंवा त्याची मात्रा वाढवल्यावर उद्भवणाऱ्या मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता, तोंडाला कोरड, पोटफुगी आणि भूक मंदावणे या तक्रारी. बहुतेकांमध्ये त्या सौम्य असतात व पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. द्विध्रुवीय विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांची आवर्तने येणाऱ्या आजारात, त्यांना अधिक महत्त्व येते. या विकारात नैराश्यरोधी औषध सहसा एकटे दिले जात नाही. जोडीला लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन किंवा क्वेटियापीनसारखे मनःस्थिती स्थिर ठेवणारे एखादे औषध चालू असते. म्हणून जुलाब कोणत्या गोळीमुळे होत आहेत हे तर पाहावे लागतेच, पण त्या जुलाबांमुळे दुसऱ्या गोळीचे रक्तातील प्रमाण बिघडणार नाही ना, हे त्याहून आधी पाहावे लागते.

आतड्यातील सेरोटोनिन : सेरोटोनिन हे मज्जापेशींमध्ये संदेश पोहोचवणारे द्रव्य. शरीरातील सुमारे ९० ते ९५ टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून पचनमार्गात असते आणि त्यातील बहुतेक आतड्याच्या अस्तरातील एंटेरोक्रोमॅफिन पेशींत तयार होते. इटालियन औषधशास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास या पेशींच्या अर्कात स्नायू आकुंचित करणारे एक द्रव्य असल्याचे दाखवून त्याला ‘एंटेरामिन’ असे नाव दिले. शोधाचे वर्ष काही ठिकाणी १९३५, तर काही ठिकाणी १९३७ असे दिलेले आढळते. पहिले निरीक्षण आणि नामकरण यांतील अंतरामुळे हा फरक पडला असावा. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन व अर्विन पेज यांनी रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य वेगळे केले. तेच सेरोटोनिन. एंटेरामिन व सेरोटोनिन एकच असल्याचे १९५२ मध्ये स्पष्ट झाले, आणि बेट्टी ट्वारोग व पेज यांनी १९५३ मध्ये ते मेंदूतही असल्याचे दाखवले. मनोविकारशास्त्राने आपलेसे केलेले हे द्रव्य मुळात आतड्याच्या अभ्यासातून पुढे आले, ही गोष्ट औषधांच्या चर्चेत बरेचदा मागे पडते.

जेवणानंतर आतड्याच्या अस्तरावर दाब आला की या पेशी सेरोटोनिन सोडतात. ते जवळच्या मज्जातंतूंना चेतवून अन्न पुढे ढकलणारी लहर सुरू करते. काम झाल्यावर अस्तरातील पेशी एका वाहक प्रथिनाच्या साहाय्याने ते उचलून घेतात. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारखी ‘सेरोटोनिन पुनर्ग्रहणरोधी’ औषधे मेंदूतील ज्या वाहकाला अडवतात, तोच वाहक आतड्यातही आहे. गोळीला हा फरक कळत नाही. वाहक प्रथिन जन्मतः नसलेल्या उंदरांवरील प्रयोगांत त्यांची विष्ठा पातळ झाल्याचे, तर काही उंदरांत जुलाब व बद्धकोष्ठता आलटून पालटून आल्याचे दिसले. एकच औषध एका रुग्णाला जुलाब आणि दुसऱ्याला बद्धकोष्ठता का देते, याचे अंशतः उत्तर यात मिळते.

मळमळीचा उगम : मळमळ आतड्यातून उठते की मेंदूतून, याबाबत दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार आतड्यात साचलेले सेरोटोनिन आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवरील ५-एचटी ३ या प्रकारच्या ग्राहींना (सेरोटोनिन जिथे जोडले जाते त्या प्रथिनांना) चेतवते व संदेश मस्तिष्कस्तंभातील उलटीच्या केंद्राकडे जातो. दुसऱ्या मतानुसार चौथ्या मस्तिष्कविवराच्या तळाशी असलेला, रक्त व मेंदू यांमधील अडसराबाहेरचा ‘एरिया पोस्ट्रेमा’ हा भागच मुख्य ठरतो. त्यातही हेच ग्राही आहेत. पहिल्या मताच्या बाजूने असे सांगतात की पॅरॉक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन यांच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांनी मळमळ कमी होते. पण अशा गोळ्यांमुळे रक्तातील औषधाचा शिखरबिंदूही खाली येतो, त्यामुळे हा पुरावा दोन्ही बाजूंना लागू पडतो. क्लोमिप्रामाइन शिरेतून दिले तरी मळमळ होते, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दा. तोही निर्णायक नाही, कारण रक्तामार्गे औषध आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतेच. दोन्ही स्थाने कमीअधिक प्रमाणात सहभागी असून सुरुवात बहुधा आतड्यातून होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ग्राहींबाबत मात्र फारसा मतभेद नाही. मिर्टाझापीन हे औषध ५-एचटी ३ ग्राही अडवते आणि त्याने मळमळ क्वचितच होते. भूक व वजन मात्र वाढते.

मळमळ पहिल्या मात्रेनंतर काही तासांतच जाणवू शकते, तर नैराश्य उतरायला आठवडे लागतात. रुग्णाला त्रास आधी भेटतो, गुण नंतर. औषध मधेच सोडण्याचे हे एक मोठे कारण असल्याने ही बाब औषध सुरू करतानाच सांगितलेली बरी.

औषधगटांतील फरक : १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या इमिप्रामाइन, अमिट्रिप्टिलीन इत्यादी त्रिवलयी औषधांचा त्रास वेगळ्या वाटेने होतो. ती लाळग्रंथी व आतड्यांना चालना देणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याचे कार्य रोखतात, म्हणून तोंड कोरडे पडते व शौचास घट्ट होते. सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या गटात सर्ट्रालीनने जुलाब अधिक, पॅरॉक्सेटीनने बद्धकोष्ठता अधिक, तर फ्लुवोक्सामीनने मळमळ अधिक होते. व्हेन्लाफॅक्सीन, ड्युलोक्सेटीन व व्हॉर्टिऑक्सेटीन यांतही मळमळ ठळक असते. ब्युप्रोपिऑन सेरोटोनिनच्या वाहकावर फारसे काम करत नाही. तरी त्याने तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता व काही प्रमाणात मळमळ होते.

द्विध्रुवीय विकारातील वाद : या विकारात नैराश्यरोधी औषधे द्यावीत की नाहीत, याबाबत एकमत नाही. त्यांच्यामुळे रुग्ण नैराश्यातून थेट उन्मादात जाण्याचा धोका असतो; तो त्रिवलयी औषधे व व्हेन्लाफॅक्सीन यांत अधिक, तर ब्युप्रोपिऑन व सेरोटोनिन पुनर्ग्रहणरोधी औषधांत कमी मानला जातो. अमेरिकेतील ‘स्टेप-बीडी’ या प्रकल्पातील २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६६ रुग्णांच्या चालू औषधांत पॅरॉक्सेटीन किंवा ब्युप्रोपिऑन अथवा निष्प्रभ गोळी (औषध नसलेली, तुलनेसाठीची) जोडण्यात आली. टिकाऊ सुधारणा नैराश्यरोधी गटात २३.५ टक्के, तर निष्प्रभ गोळीच्या गटात २७.३ टक्के रुग्णांत दिसली. उन्मादाकडे वळण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणजे भीती वाटत होती तेवढा धोका दिसला नाही, पण अपेक्षित लाभही दिसला नाही. द्विध्रुवीय विकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कृतिगटाने २०१३ मध्ये पहिल्या प्रकारच्या (पूर्ण स्वरूपाचा उन्माद येणाऱ्या) द्विध्रुवीय विकारात ही औषधे एकटी देऊ नयेत अशी शिफारस केली. औषध लागू पडलेल्या रुग्णांत ते ८ आठवड्यांनी थांबवावे की ५२ आठवडे चालू ठेवावे, हे पाहणाऱ्या २०२३ मधील चाचणीत मनःस्थितीचे नवे आवर्तन अनुक्रमे ४६ व ३१ टक्के रुग्णांत आले. हा फरक सांख्यिकीय कसोटीवर सिद्ध झाला नाही. पोटाच्या तक्रारींच्या दृष्टीने या वादाला व्यावहारिक अर्थ आहे. औषधाचा लाभच संदिग्ध असेल, तर जुलाब आठवडेच्या आठवडे सोसत राहण्याचे समर्थन दुबळे होते. अशा वेळी औषध बदलणे किंवा क्वेटियापीन, लुरासिडोन यांसारख्या पर्यायांकडे जाणे डॉक्टरांना अधिक योग्य वाटू शकते. लुरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या आहारासोबत घ्यावे लागते. रिकाम्या पोटी त्याचे शोषण बरेच घटते. ज्याची भूक मेली आहे त्याच्यासाठी ही अट दिसते तितकी सोपी नाही.

लिथियम आणि जुलाब : ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर वापरलेल्या लिथियमची उपचारात्मक कक्षा अरुंद आहे. दीर्घकालीन उपचारात रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे अपेक्षित असतात. मूत्रपिंड लिथियमला बहुतांशी सोडियमसारखेच वागवते. जुलाब-उलट्यांत पाणी व सोडियम निघून गेले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही. रक्तातील पातळी चढते. चढलेली पातळी स्वतःच जुलाब व उलट्या घडवते, त्याने आणखी पाणी जाते, आणि चक्र घट्ट होते.

नेहमी आढळणारा घटनाक्रम असा : लिथियम चालू असलेल्या रुग्णाला सर्ट्रालीन सुरू होते. चौथ्या-पाचव्या दिवशी दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होते. खाणे कमी होते, पाणीही कमी प्यायले जाते. अंग दुखते म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. ही गोळी मूत्रपिंडातून लिथियमचे उत्सर्जन कमी करते. शिवाय सेरोटोनिन पुनर्ग्रहणरोधी औषधासोबत घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढवते, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटनाही सेरोटोनिन याच वाहकामार्फत मिळते. दोन दिवसांत हात ठळकपणे थरथरू लागतात, चालताना तोल जातो, बोलणे जड होते. या टप्प्यावर त्रासाला ‘नव्या गोळीची सवय होत नाहीये’ असे समजणे घातक ठरते. लिथियमची पातळी तातडीने तपासणे भाग असते. एरवी ही तपासणी शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी करतात, पण विषबाधेची शंका असल्यास तेवढी वाट पाहत नाहीत. वेदनेसाठी अशा रुग्णांत सामान्यतः पॅरासिटॅमॉल निवडतात.

लिथियम स्वतःही आतड्याला त्रास देते. साध्या गोळीने मळमळ, तर सावकाश विरघळणाऱ्या गोळीने जुलाब अधिक होतात, कारण ती आतड्यात पुढे जाऊन विरघळते. म्हणून मळमळीवर उपाय म्हणून गोळीचा प्रकार बदलला तर जुलाब सुरू होऊ शकतात, आणि दोष नाहक नैराश्यरोधी औषधाकडे जातो. तक्रार कोणत्या बदलानंतर किती दिवसांनी सुरू झाली, याची तारखेनिशी नोंद अशा वेळी सर्वांत उपयोगी पडते.

इतर सहऔषधे : व्हॅल्प्रोएटच्या साध्या स्वरूपाने मळमळ होते, आतड्यात विरघळणारे आवरण असलेल्या गोळीने ती कमी होते. पोटात तीव्र, पाठीकडे जाणारी कळ व उलट्या असल्यास व्हॅल्प्रोएटमुळे होणाऱ्या विरळ स्वादुपिंडदाहाचा विचार करावा लागतो. कार्बामाझेपीन व सेरोटोनिन पुनर्ग्रहणरोधी औषध ही दोन्ही रक्तातील सोडियम उतरवू शकतात. त्याचे पहिले लक्षण मळमळ व डोकेदुखी असते आणि ते पोटाच्या खात्यात जमा होऊन जाते. ओलान्झापीन मळमळ कमी करते. उलट्यांमुळे लॅमोट्रिजिनच्या मात्रा सलग काही दिवस पडल्या असतील तर पूर्ण मात्रेने ते पुन्हा सुरू करत नाहीत; गंभीर पुरळाचा धोका टाळण्यासाठी मात्रा पुन्हा टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते.

उपाय : औषध कमी मात्रेने सुरू करणे, हळू वाढवणे व खाण्यासोबत घेणे हे सर्वमान्य उपाय आहेत. मळमळ झोपेत निघून जावी म्हणून गोळी रात्री घ्या, असा सल्ला सरसकट दिला जातो. द्विध्रुवीय विकारात तो तपासून घ्यावा लागतो, कारण फ्लुओक्सेटीन, ब्युप्रोपिऑन यांसारखी औषधे रात्री घेतल्यास झोप उडू शकते आणि झोप तुटणे हे उन्मादाला निमंत्रण ठरू शकते. थोडी मळमळ परवडते, रात्र-रात्र जागरण परवडत नाही.

जुलाबांत पाणी व क्षार भरून काढणे प्रथम. लोपेरामाइड थोड्या काळासाठी व नेमून दिलेल्या मात्रेतच वापरतात. ताप किंवा शौचातून रक्त असल्यास नाही. बद्धकोष्ठतेत द्रवपदार्थ, तंतुमय आहार व हालचाल यांनी भागले नाही तर लॅक्ट्युलोजसारखी मल मऊ ठेवणारी औषधे देतात. इसबगोल लिथियमच्या शोषणात अडथळा आणू शकते, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवतात. जालीम रेचकांचा मारा लिथियमच्या रुग्णाने टाळावा. जळजळीवर वारंवार खाण्याचा सोडा घेतल्यास उलट परिणाम होतो : लिथियम लघवीवाटे अधिक निघून जाते व पातळी घसरते. आहारातील मीठ एकाएकी बंद केल्यास ती चढते.

मळमळीवरील औषधांतही अडचणी आहेत. ऑन्डान्सेट्रॉन ५-एचटी ३ ग्राहींवरच काम करते, म्हणून तर्काला धरून आहे. पण ते व सिटालोप्राम दोन्ही हृदयाच्या विद्युत-आलेखातील क्यूटी अंतर लांबवतात, म्हणजे ठोके बिघडण्याचा धोका वाढवतात. डॉम्पेरिडोनबाबतही तेच. मेटोक्लोप्रामाइडने स्नायू आखडणे व अस्वस्थ येरझारा सुरू होऊ शकतात, आणि ती अस्वस्थता उन्मादाची सुरुवात समजली जाण्याचा संभव असतो. आम्लपित्तावरील ओमेप्राझोल सिटालोप्राम व एस्सिटालोप्रामचे यकृतातील विघटन मंदावून त्यांची रक्तातील पातळी वाढवते. त्यासोबत सिटालोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत.

तातडीची लक्षणे : जुलाबांबरोबर घाम, ताप, अस्वस्थता, थरथर व पाय झटकन उडणे असे दिसल्यास सेरोटोनिन सिंड्रोमची (सेरोटोनिनच्या अतिरेकाने होणाऱ्या विषबाधेची) शंका घ्यावी, लिथियम सोबत असल्यास त्याचा संभव वाढतो. शौचास काळे, डांबरासारखे होणे किंवा रक्ताची उलटी हे पचनमार्गातील रक्तस्रावाचे चिन्ह आहे. या परिस्थितींत, तसेच लिथियमच्या विषबाधेच्या शंकेत, पुढची मात्रा न घेता लगेच रुग्णालय गाठावे लागते. एरवी मात्र त्रासाला कंटाळून सर्व गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे असते. पॅरॉक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन अचानक थांबवल्यास पुन्हा मळमळ व चक्करच येते, आणि लिथियम एकाएकी सोडल्यास उन्माद उसळून येण्याचा धोका असतो.