टर्किश 'हीलिंग म्युझिक' म्हणजे कुठलं, एदिर्नेचं की कोन्याचं?

मावशी मागे ग्रुप टूरने टर्कीला जाऊन आली आणि कॅपाडोकियाहून तिने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. जुन्या दगडी सराईत पांढरे घेरदार झगे घातलेले चार-पाच जण गरागरा फिरतायत, मागे बासरीसारखं काहीतरी वाजतंय, आणि खाली मावशीचा मेसेज, "इथे पूर्वी असं फिरवून मनोरुग्णांना बरं करायचे, गाईडने सांगितलं." आता गाईडने काय सांगितलं आणि मावशीने बसच्या शेवटच्या सीटवरून काय ऐकलं हे देव जाणे, पण हा घोळ तिच्या एकटीचा नाहीये, यूट्यूबवर कुठलाही 'सूफी हीलिंग' व्हिडिओ उघडा, फोटो गिरकी घेणाऱ्या दरवेशाचा, म्हणजे सूफी साधकाचा, टायटलमध्ये मकामाचं, म्हणजे तिकडच्या रागाचं नाव आणि डिस्क्रिप्शनमध्ये ऑटोमन हॉस्पिटलची गोष्ट. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींची खिचडी.

एक आहे एदिर्नेच्या दारुश्शिफातली मकाम-चिकित्सा, म्हणजे दवाखान्यात पेशंटला ऐकवायचं संगीत. दुसरा कोन्याचा, रूमींना मानणाऱ्या मेव्लेवी पंथाच्या दरवेशांचा सेमा, म्हणजे ती गिरकी. वाद्यं बरीचशी तीच, मकाम तेच, भाषा आणि देशही तोच, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.

आधी मकाम म्हणजे काय ते पटकन. आपला 'मुक्काम' शब्द आणि हा मकाम मुळात एकच अरबी शब्द, थांबायची जागा. रागासारखाच प्रकार आहे, नुसते स्वर सांगून भागत नाही, कुठून निघायचं, कुठे रेंगाळायचं, कुठे येऊन टेकायचं हेही ठरलेलं असतं आणि त्याला ते सेयिर म्हणतात, आपल्याकडे चलन म्हणतो ना, तसंच. हिजाझ मकामाचे पहिले चार स्वर ऐकले तर भैरव शिकलेला माणूस लगेच कान टवकारेल, कोमल रे आणि शुद्ध ग. पण उश्शाक ऐकला की पंचाईत, कारण त्याचा दुसरा स्वर कोमल रे पण नाही आणि शुद्ध रे पण नाही, मधेच कुठेतरी बसतो. मी सात-आठ वर्षं पेटी शिकलोय, एकदा हेडफोन लावून तो स्वर पेटीवर शोधायला बसलो, काळी दाबली तर खाली, पांढरी दाबली तर वर, शेवटी पेटी बंद केली. ते लोक एका पूर्ण स्वराचे नऊ बारीक भाग धरतात, त्याला कोमा म्हणतात, आणि आजच्या थिअरीत सप्तकात चोवीस स्वर लिहितात तेही एकसारख्या अंतरावर नाहीत. आपली बारा पट्ट्यांची पेटी तिथे काय पुरणार.

तर हा मकाम दोन्हीकडे कॉमन. आता एदिर्नेला जाऊ.

एदिर्ने म्हणजे टर्कीच्या पार वायव्य टोकाला, ग्रीस आणि बल्गेरियाच्या बॉर्डरजवळ, इस्तंबूल जिंकायच्या आधीची ऑटोमन राजधानी. तिथे तुंजा नदीच्या काठी सुलतान दुसऱ्या बायेझिदने 1484 ते 1488 मध्ये एक मोठं संकुल बांधलं, मशीद, वैद्यकी शिकवणारा मदरसा, अन्नछत्र आणि दवाखाना. दवाखान्याचा शेवटचा भाग बघण्यासारखा आहे. सहा कोनांचा घुमटाखालचा हॉल, मधोमध कारंजं, कडेने सहा बंद खोल्या आणि त्यांच्या मधेमधे उघडे सोपे, आणि दारातून आत गेलं की बरोब्बर समोर वादकांची बसायची जागा. म्हणजे वादक एका बाजूला वाजवतायत, आवाज घुमटाखाली गोल फिरून सगळ्या खोल्यांत जातोय, खाली पाण्याची संथ खळखळ, आणि पेशंट आपापल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकतोय. पेशंटला कुठे उठून जायची गरज नाही. संगीत त्याच्याकडे येतं, काढा यावा तसं.

सतराव्या शतकात एव्लिया चेलेबी नावाचा भटक्या लेखक इथे येऊन गेला आणि त्याने वादकांची मोजणीच लिहून ठेवलीये, एकूण दहा माणसं, तीन गाणारे आणि सात वाजवणारे, आठवड्यातून तीन दिवस. नेय म्हणजे बोरूची बासरी, ऊद, संतूर, गजाने वाजवायचं तंतुवाद्य, चेंग म्हणजे हार्पसारखं वाद्य वगैरे. हा एव्लिया थापा मारण्यात पटाईत होता, आकडे फुगवायची त्याला खोडच, त्यामुळे दहा म्हणजे दहाच का हे सोडा. पण त्याच्या यादीत मला एक गोष्ट जाम इंटरेस्टिंग वाटते, ताल धरणारं एकही वाद्य नाहीये. ढोल नाही, डफ नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणखी तो लिहितो की पेशंटना फुलांचा वास देत, हायसिंथ, नर्गिस, जाई, गुलाब, आणि पथ्याच्या जेवणात पक्ष्यांचं मांस. म्हणजे संगीत हा सगळ्या ट्रीटमेंटमधला एक भाग, औषधं, आहार, वास, पाणी, आणि गाणं.

यामागची थिअरी जुनी युनानी वैद्यकीची. शरीरात चार द्रव, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, त्यांचं मिश्रण म्हणजे माणसाचा मिझाज, आपली 'मिजास' तिथूनच आलीये. मिश्रण बिघडलं की आजार. मग अमुक मकाम उष्ण, तमुक थंड, अमुक वेळेला लागू पडतो, अशी जोडणी. अठराव्या शतकातले ऑटोमन वैद्य गेव्रेकझादे हाफिझ हसन एफेंदी यांनी असल्या याद्या करून ठेवल्यात. नेटवर मात्र सगळ्या याद्या सरसकट अल-फाराबी या जुन्या तत्त्वज्ञाच्या नावावर खपवल्या जातात, आणि फाराबी वारला साधारण 950 साली, तर या याद्यांतल्या बारा मकामांची ती नावानिशी घडी बसवली सफीउद्दीन उर्मवी या संगीतशास्त्रकाराने तेराव्या शतकात. मग फाराबीने लिहून कधी ठेवलं? आपल्याकडे 'हा राग ऐका, बीपी उतरवा' असे तक्ते फिरतात आणि खाली कुठल्या तरी ऋषींचं नाव चिकटवलेलं असतं, तोच प्रकार.

आता कोन्या. एदिर्नेपासून लांब, मध्य अनातोलियात. इथे सूफी कवी मौलाना जलालुद्दीन रूमी राहिले आणि 17 डिसेंबर 1273 ला इथेच वारले. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा सुलतान वेलेद याच्या काळात मेव्लेवी पंथाची घडी बसत गेली आणि सेमाला नीट विधीचं रूप येत गेलं. विधी हा शब्द मुद्दाम वापरतोय. डोक्यावरची उंच नमद्याची टोपी म्हणजे थडग्यावरचा दगड, काळा अंगरखा म्हणजे कबर, आतला पांढरा झगा म्हणजे कफन. काळा अंगरखा उतरवून माणूस फिरायला लागतो, उजवा हात वर, डावा खाली, वरून घेतलेलं खाली द्यायचं, स्वतःकडे काही ठेवायचं नाही.

सुरुवात होते नातने, पैगंबरांची स्तुती, रास्त मकामात, इत्री या ऑटोमन संगीतकाराने बांधलेली. मग कुदुम या छोट्या जोड-नगाऱ्यावर ठोके पडतात, आणि तो ठोका म्हणजे 'कुन', म्हणजे 'अस्तित्वात ये' ही ईश्वराची आज्ञा, जिच्यातून सृष्टी झाली. मग नेयचा एकट्याचा आलाप, तीन प्रदक्षिणा, आणि नंतर गिरक्यांचे चार टप्पे ज्यांना सेलाम म्हणतात. म्हणजे बघा, इथे ताल हा पायाचा दगड आहे, तो काढला तर सगळं कोसळेल. एदिर्नेच्या यादीत ताल नाही आणि इथे सुरुवातीलाच सृष्टी तालावर उभी केली.

आणि ही गिरकी शिकायची कशी ते बघा म्हणजे थेरपी वगैरे शब्द आपोआप गळून पडतो. एक चौकोनी लाकडी फळी, मधोमध गुळगुळीत डोक्याचा खिळा. नवा दरवेश डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात तो खिळा धरतो, फळीवर मीठ टाकलेलं असतं पाय सोलवटू नये आणि नीट सरकावा म्हणून, आणि मग त्या खिळ्याभोवती डाव्या टाचेला जागेवरून न हलवता उजव्या पायाने रेटत फिरायचं. रोज. याशिवाय पूर्वी मठात पूर्ण दरवेश व्हायचं तर 1001 दिवस सेवा, तीही मुख्यतः मुदपाकखान्यात, भांडी, झाडलोट, वाढणं. आजारी माणसाला कोण असं करायला सांगेल? सेमा करणारा पेशंट नसतोच मुळी, तो धडधाकट, कष्टाने तयार झालेला साधक असतो. बघणाऱ्यालाही तिथे काही दिलं जात नाहीये, तो शेजारी उभा आहे इतकंच.

पण मला विचाराल तर खरा फरक याहून खोल आहे आणि तो नेयमध्ये आहे. नेय दोन्हीकडे वाजते ना, पण कशासाठी वाजते? एदिर्नेच्या हॉलमध्ये ती वाजते पेशंटचं दुःख उतरावं म्हणून, मन शांत व्हावं, झोप लागावी. मेव्लेवींकडे नेय म्हणजे बोरूंच्या बनातून तोडून आणलेला बोरू, तो रडतो कारण त्याला मुळाकडे परत जायचंय, आणि ते रडणं थांबावं असं कुणालाच वाटत नाही. उलट ते दुःख टिकलं पाहिजे, नाहीतर ओढच संपली. आपल्याकडच्या विराण्या आठवा, तिथे विरहिणीला कुणी 'झोपेची गोळी घे' म्हणत नाही. एकीकडे दुखणं काढायचं संगीत, दुसरीकडे दुखणं जपायचं संगीत, आणि दोन्हीला आपण एकच 'हीलिंग' लेबल मारून मोकळे होतो. रूमींच्या मृत्यूच्या रात्रीला मेव्लेवी लोक लग्नाची रात्र म्हणतात, आता याला थेरपीच्या कुठल्या खान्यात बसवणार?

मग हे दोन एकत्र आले कसे? थोडा दोष इतिहासाचा. 1925 मध्ये टर्की प्रजासत्ताकाने सगळे दरवेशी मठ कायद्याने बंद केले. सेमा परत दिसायला लागला तो 1950 च्या दशकात, कोन्यातल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम म्हणून, म्हणजे स्टेजवर. पुढे युनेस्कोच्या यादीतही आला, 2005 ची घोषणा आणि 2008 ची नोंद. विधी कार्यक्रम झाला की त्याला काहीतरी नवं कारण लागतं आणि टुरिस्टला 'मनःशांती' हे कारण बरं पडतं.

दुसरीकडे दवाखान्याची मकाम-चिकित्सा कधीच बंद पडली होती, ती परत वर काढण्यात मोठा वाटा रहमी ओरुच गुव्हेंच यांचा (1948–2017). त्यांनी 1976 मध्ये इस्तंबूलमध्ये तुमाता हा गट सुरू केला. आणि गंमत अशी की हा माणूस एकाच वेळी क्लिनिकल सायकॉलॉजी शिकलेला, वादक आणि सूफी. त्यांच्या कामात मकाम ऐकवणं पण होतं, मध्य आशियातल्या शामानांच्या, म्हणजे तिकडच्या भगतांच्या हालचाली पण होत्या आणि सेमा पण. त्यांच्यापुरतं ते सगळं एकाच जगण्यात बसत होतं, पण त्यांच्यानंतर वर्कशॉपवाल्यांनी उचललं तेव्हा शिवण दिसेनाशी झाली. 2014 पासून टर्कीच्या आरोग्य मंत्रालयाच्या पारंपरिक आणि पूरक उपचारांच्या नियमांत म्युझिक थेरपी आहे, अॅक्युपंक्चर आणि जळवांच्या शेजारी, तिथे सेमा नाही.

परिणाम होतो का हा प्रश्न येणारच. ऑपरेशनआधी पेशंटला मकाम ऐकवून अँक्झायटी कमी होते का असे अभ्यास टर्कीत झालेत, लहान लहान गटांवर, आणि घाबरलेल्या माणसाला शांत संगीताने बरं वाटतं इतपत मला पटतं. पण अमुक मकाम किडनीला आणि तमुक डोळ्यांना हे चार द्रवांच्या थिअरीवर उभं आहे, ती थिअरी गेली की तक्त्याखालची जमीनच गेली. संगीत खोटं नाही, तक्ता जुना झाला.

जायचं असेल तर एदिर्नेला खरंच जा, लोक इस्तंबूल-कॅपाडोकिया-पामुक्काले करून परत येतात. तो दवाखाना आता आरोग्य म्युझियम आहे, 1997 पासून, तिथल्या त्राक्या विद्यापीठाकडे, 2004 मध्ये युरोप परिषदेचं म्युझियम प्राइझ मिळालंय. आत पुतळे करून ठेवलेत, वैद्य, पेशंट, वादक, आणि रेकॉर्ड केलेलं संगीत वाजत असतं.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, चांगली वीस मिनिटं. तिने मधे एकदा विचारलं, "अरे पण मग शेवटी आम्ही टाळ्या वाजवल्या तर ते लोक नुसते निघून का गेले, साधं वाकले पण नाहीत?" म्हटलं, अगं विधी संपला, आरती झाल्यावर गुरुजी वाकतात का प्रेक्षकांना? मग थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "बरं ते राहू दे, त्या दवाखान्याच्या यादीत गुडघ्याला कुठला मकाम आहे?" आता जुन्या याद्यांमध्ये सांध्यांच्या दुखण्याला झिरेफकेंद सांगितलाय, तसं तिला सांगितलंही, पण तो हल्ली फारसा कुणी वाजवत नाही, त्यामुळे मंगळवारची फिजिओची अपॉइंटमेंट तेवढी चुकवू नकोस म्हटलं.