दिव्यांग चालक व प्रवासी करसवलत (आयर्लंड)

हातापायांचे गंभीर व कायमचे अपंगत्व असलेल्या व्यक्तीला, स्वतः चालवण्यासाठी किंवा प्रवासी म्हणून बसण्यासाठी खास बदल करून घेतलेल्या वाहनावर आयर्लंडमध्ये मिळणारी करमाफी. १९८९ च्या वित्त कायद्याचे ९२ वे कलम आणि १९९४ चे नियम हा तिचा आधार. वाहन नोंदणी कर व मूल्यवर्धित कर मिळून चालकाला १०,००० आणि प्रवाशाला १६,००० युरोपर्यंत सूट मिळते. गाडीत मोठे फेरफार लागले तर ही मर्यादा वाढते. शिवाय वार्षिक मोटार कर आणि टोल माफ होतो, इंधनासाठी अनुदान मिळते. सवलतीची गाडी किमान दोन वर्षे विकता येत नाही.

या सगळ्याची किल्ली म्हणजे प्राथमिक वैद्यकीय प्रमाणपत्र. आरोग्य सेवेचा वैद्यकीय अधिकारी अर्जदाराला तपासतो आणि सहांपैकी एक तरी निकष बसतो का, ते पाहतो. दोन्ही पाय पूर्णतः किंवा जवळपास पूर्णतः निकामी असणे. एक पाय पूर्ण व दुसरा जवळपास निकामी असणे. दोन्ही हात नसणे. एक किंवा दोन्ही पाय नसणे. दोन्ही हात आणि एक पाय निकामी असणे. किंवा खुजेपणामुळे पायांच्या हालचालीत गंभीर अडचण असणे. याबाहेर काही चालत नाही. आजार कोणता हे विचारले जात नाही, हातपाय किती चालतात एवढेच मोजले जाते. त्यामुळे धापेने चार पावलांवर थांबणारा हृदयरुग्ण केवळ त्या कारणाने पात्र ठरत नाही. अंध व्यक्तीही नाही. रस्त्यावर अचानक धावत सुटणाऱ्या स्वमग्न मुलाला गाडीशिवाय बाहेर नेता येत नाही, पण त्याचे पाय धड असतात. त्याच्या आईला नकारच मिळतो. गरज मोजायची सोडून अवयव मोजणे हाच या योजनेचा मूळ दोष आहे.

जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन अपिलांच्या निकालात हे निकष अवैध ठरवले. गंभीर व कायमचे अपंगत्व म्हणजे काय हे ठरवण्याचा जो अधिकार कायद्याने मंत्र्यांना दिला होता, त्याच्याशी ते सुसंगत नव्हते. प्रमाणपत्रे देणे काही काळ थांबले. आता व्याख्या रुंदावेल अशी आशा अनेक कुटुंबांना होती. सरकारने मात्र तेच सहा निकष वित्त कायद्यात घातले आणि जानेवारी २०२१ पासून ते पुन्हा लागू झाले.

नकार मिळाल्यास वैद्यकीय अपील मंडळाकडे दाद मागता येते. २०२१ च्या अखेरीस त्या मंडळाच्या सर्व सदस्यांनी राजीनामे दिले आणि सुमारे दोन वर्षे अपिले तशीच पडून राहिली. प्रवासभत्ता आणि मोटार खरेदीचे अनुदान या पर्यायी योजना २०१३ पासून नव्या अर्जदारांसाठी बंदच होत्या, म्हणजे नकार मिळालेल्याला जायला दुसरे दार नव्हते. २०२१ मध्ये लोकपालांनी अहवालातून यावर कडक टीका केली. पुढे सरकारच्याच कार्यगटाने ही योजना कालबाह्य असल्याचे सांगून तिच्या जागी गरजेवर आधारलेली नवी योजना आणावी, अशी शिफारस केली.