मीटिंगमधला अवतार आणि २०० मिलिसेकंदांची अडचण

मे २०२५ मध्ये झूमचे सीईओ एरिक युआन यांनी कंपनीच्या तिमाही निकालांच्या कॉलमध्ये सुरुवातीचं निवेदन स्वतःच्या एआय अवताराकडून (म्हणजे कॉम्प्युटरने बनवलेल्या बोलत्या प्रतिमेकडून) करून घेतलं, त्याच महिन्यात क्लार्ना या पेमेंट कंपनीच्या सीईओंनी पण आपले निकाल अशाच अवताराकडून सांगितले. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा. पण ते आधीच लिहिलेलं भाषण होतं, आणि भाषण वाचून दाखवणं वेगळं, मीटिंगमध्ये बसणं वेगळं.

समजा तुमच्या जागी मीटिंगमध्ये बसलेल्या अवताराला कोणीतरी विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल का?" आता आत काय काय होतं बघा. आधी आवाजाचं टेक्स्ट करायचं, समोरच्याचं बोलणं संपलंय की तो नुसता श्वास घ्यायला थांबलाय हे ओळखायचं (हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे), मग लँग्वेज मॉडेलने (मजकूर लिहिणाऱ्या एआयने) उत्तर तयार करायचं, त्याचा तुमच्या आवाजात ऑडिओ बनवायचा आणि त्या ऑडिओला जुळतील असे ओठ, गाल, डोळे हलवायचे. प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा वेळ लागतो आणि तो साठत जातो.

आणि माणसं? २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १० भाषांमधली बोलणी मोजली होती, त्यात हो-नाही प्रश्नाला उत्तर यायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद (सेकंदाचा पाचवा भाग) लागतात असं दिसलं. खरं तर एक शब्द डोक्यात जुळवून तोंडातून बाहेर पडायलाच ६०० च्या आसपास लागतात, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे चाललंय ते ताडून उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते! शिवाय तो गॅप आपण वाचतो पण. "होईल" म्हणायला कोणाला जरा उशीर झाला की कळतं काहीतरी अडलंय. अवताराचा उशीर हा निव्वळ कॉम्प्युटरचा उशीर असतो, पण ऐकणाऱ्याचं मन सवयीने त्यातून पण अर्थ काढतंच, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

एकतर्फी बोलण्यात मात्र हे सगळं झाकलं जातं. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधली केस उघडकीस आली, व्हिडिओ कॉलवर खोटे सीएफओ (कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी) आणि खोटे सहकारी दाखवून एका कर्मचाऱ्याकडून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर ट्रान्सफर करून घेतले होते. पोलिसांनी सांगितलं की ते व्हिडिओ आधीच बनवून ठेवलेले होते, त्या कर्मचाऱ्याशी खरा संवाद झालाच नव्हता.

म्हणून नुसता अपडेट द्यायचा असेल तर अवतार चालेल, फक्त हा अवतार आहे असं स्क्रीनवर स्पष्ट लिहा. जिथे मुदत किंवा पैसे ठरणार असतील तिथे स्वतः जा, दहा मिनिटं का होईना.