पापणी मिटेना, तेव्हा सुई कधी?
कुत्र्यांच्या मज्जातंतूंशी निगडित नेत्रविकारांवरील ॲक्युपंक्चरविषयी

कुत्र्याच्या दोन्ही नाकपुड्यांना बोट लावून पाहा. एक ओली आणि दुसरी कोरडी, खरबरीत लागली, त्यात त्याच बाजूच्या डोळ्यात चिकट चिपडं येत असली, तर दुखणं बहुधा मज्जातंतूचं असतं. डोळ्यातलं पाणी आणि नाकाचा ओलावा सांभाळणारे तंतू बरंच अंतर एकत्रच जातात.

चेहऱ्याचा मज्जातंतू लुळा पडला की पापणी मिटत नाही, ओठ लोंबतो, खाताना त्या बाजूने घास सांडतो. हॉर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे डोळ्याकडे जाणाऱ्या एका वेगळ्या मज्जातंतूच्या बिघाडात, बाहुली बारीक होते, वरची पापणी उतरते आणि तिसरी पापणी डोळ्यावर सरकते. दोन्हींचं मूळ कधीकधी मधल्या कानात असतं, म्हणून डोळा दाखवायला आणलात तरी आम्ही कानही पाहतो.

तपासणीआधी सुई नाही. खालच्या पापणीत कागदी पट्टी १ मिनिट ठेवतो. ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजली तर अश्रू पुरेसे. १० च्या खाली असेल तर डोळा कोरडा. मग रंग घालून कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम आहे का ते बघतो.

सुया केसासारख्या बारीक असतात. भुवईजवळ, कानामागे, पायांवरही लावतो. बुबुळाला कधीच नाही. १५-२० मिनिटं लागतात. पहिल्या दोन सुयांना कान टवकारणारी कुत्री पुढे चक्क पेंगतात. आठवड्याला एकदा, अशा चार-पाच बैठकींनंतर फरक दिसला नाही तर आम्हीच थांबवतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. कारण न सापडलेला हॉर्नर बरेचदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतो, आणि श्रेय सुईला मिळतं. या उपचाराचा भक्कम पुरावा अजून थोडाच आहे. म्हणून डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि कृत्रिम अश्रू सुरूच ठेवा. पापणी मिटत नसेल तर ही काळजी सुईपेक्षा महत्त्वाची, कारण उघडा डोळा सुकून त्यावर जखम होते.

कधीकधी सुयांमधून सौम्य वीजप्रवाह देतात, पण फिट्स येणाऱ्या कुत्र्याला तो देत नाही. ती माहिती आधीच सांगा.

डोळा अचानक लाल, धुरकट किंवा टपोरा झाला, कुत्रा दिसेनासं होऊन भिंतीला धडकू लागला, तर आमची वेळ घेत बसू नका. काचबिंदूत नजर काही तासांत जाऊ शकते. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.