ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल

भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल म्हणजे नुकत्याच पास झालेल्या इंजिनिअर आणि विज्ञान पदव्युत्तर मुलांना साधारण एक वर्ष शिकवून अणुऊर्जा खात्यात घेणारी संस्था. पहिली बॅच ऑगस्ट १९५७ मध्ये सुरू झाली. देशातल्या अणुऊर्जा क्षेत्रातल्या बहुतेक ज्येष्ठ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची करिअर इथून सुरू होते, आणि खात्यात माणसाची ओळख अजूनही बॅचच्या नंबरावरून सांगतात, अमका सातवीचा, तमका सोळावीचा.

स्कूल ज्या संस्थेत सुरू झालं तिच्याच स्थापनेचं वर्ष दोन प्रकारे दिलेलं आढळतं. अॅटॉमिक एनर्जी एस्टॅब्लिशमेंट, ट्रॉम्बे ही संस्था जानेवारी १९५४ मध्ये सुरू झाली असं काही नोंदींत असतं, तर काहींत पंडित नेहरूंनी रीतसर उद्घाटन केलं ते २० जानेवारी १९५७ हे धरलेलं असतं. काम आधी सुरू झालं आणि समारंभ नंतर झाला हे पाहता १९५४ धरणं जास्त बरोबर वाटतं, कारण अप्सरा ही अणुभट्टी (रिअॅक्टर) ४ ऑगस्ट १९५६ लाच क्रिटिकल झाली होती, तिच्यातली अणुविखंडनाची साखळी आपली आपण चालू राहू लागली होती, म्हणजे उद्घाटनाच्या आधीच तिथे भट्टी चालू होती! भाभांचं नाव संस्थेला त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये दिलं गेलं.

स्कूलची कल्पना कुठून आली यावर मतं वेगळी आहेत. एक मत असं की हा परदेशी नमुना आहे, कारण अमेरिकेत ओक रिजला १९५० पासून रिअॅक्टर टेक्नॉलॉजीचं स्कूल होतं, ब्रिटनमध्ये हारवेलला १९५४ मध्ये रिअॅक्टर स्कूल निघालं, १९५५ मध्ये आर्गोनला इतर देशांच्या लोकांसाठी कोर्स सुरू झाला, आणि आपले लोक या काळात बाहेर जाऊन शिकत होतेच, ट्रॉम्बेच्या सायरस या भट्टीसाठी तर कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या अणुकेंद्रात गेले. दुसरं मत असं की बाहेरचे ते कोर्स मुख्यतः आधीच कुठेतरी नोकरीत असलेल्यांसाठी होते, ट्रॉम्बेची पद्धत मात्र कोऱ्या पदवीधराला घ्यायचं, फिजिक्सवाल्याला इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरला न्यूक्लिअर फिजिक्स शिकवायचं आणि पास झाला की थेट वैज्ञानिक अधिकारी करायचं अशी होती. अभ्यासक्रमात परदेशाची छाप असेल पण भरतीची ही साखळी इथलीच, हे दुसरं मत जास्त पटतं. श्रेय साधारणपणे भाभांच्या कल्पनेला आणि राजा रामण्णांच्या अंमलबजावणीला देतात.

यात बढतीचा नियमही धरला पाहिजे. वरची जागा रिकामी होण्याची वाट न पाहता कामाच्या गुणवत्तेवर बढती, म्हणून सी ग्रेडला लागलेला माणूस डी, ई, एफ करत वर जातो आणि तरी त्याच विषयात राहू शकतो. तीस-पस्तीस वर्षं एकाच प्रकारच्या भट्टीवर घालवलेले इंजिनिअर इथे भेटतात ते यामुळे.

अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांची यादी पाहिली की स्कूलचा परिणाम दिसतो. भाभा, साराभाई, होमी सेठना, रामण्णा, एम. आर. श्रीनिवासन, पी. के. अय्यंगार आणि आर. चिदंबरम हे सगळे स्कूलच्या बाहेरून आलेले. सेठना केमिकल इंजिनिअर, ट्रॉम्बेच्या प्लुटोनियम प्लांटचं काम त्यांचं (हा प्लांट १९६४ मध्ये चालू झाला, उद्घाटन १९६५ मध्ये, त्यामुळे दोन्ही वर्षं सापडतात). श्रीनिवासन १९५५ मध्ये खात्यात आले, अप्सरावर काम केलं आणि पुढे वीज केंद्रांच्या उभारणीत अख्खी कारकीर्द घातली. २००० मध्ये अनिल काकोडकर अध्यक्ष झाले आणि तिथून पुढे श्रीकुमार बॅनर्जी, आर. के. सिन्हा, शेखर बसू, के. एन. व्यास, ए. के. मोहंती, सगळे स्कूलचे.

स्कूलमधून आलेल्या या पिढीचं योगदान मोजताना भट्टी पहिल्यांदा क्रिटिकल कधी झाली याच्या तारखा दिल्या जातात, पण खरी परीक्षा बिघडलेल्या भट्ट्या दुरुस्त करण्यात झाली असं या नोंदीचं मत आहे. मे १९७४ च्या अणुचाचणीनंतर कॅनडाने मदत थांबवली आणि कॅनडाच्या मदतीने उभं राहत असलेल्या राजस्थान अणुवीज केंद्राचं दुसरं युनिट आपल्याच लोकांना पुरं करावं लागलं, ते १९८१ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झालं. या जड पाण्याच्या (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्याच्या) भट्ट्यांमध्ये कॅलँड्रिया नावाच्या जड पाण्याच्या टाकीतून ३०६ आडव्या प्रेशर ट्यूब जातात, त्यांत इंधन असतं आणि प्रत्येक ट्यूबभोवती थोडी जागा सोडून कॅलँड्रिया ट्यूब असते, मध्ये अंतर राखायला गार्टर स्प्रिंग. सुरुवातीच्या ट्यूब झिरकॅलॉय-२ या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या. तापमान, दाब आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याने ट्यूब हळूहळू लांबते आणि मध्ये वाकते, सैल स्प्रिंग जागेवरून सरकली असेल तर गरम ट्यूब बाहेरच्या थंड ट्यूबला टेकते, आणि मग धातूत मुरलेला हायड्रोजन त्या थंड ठिपक्याकडे सरकून तिथे ठिसूळ हायड्राइडचा फोड तयार होतो. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅनडातल्या पिकरिंगच्या दुसऱ्या युनिटमध्ये अशीच एक ट्यूब फुटली तेव्हा इथल्या लोकांनाही आपल्या ट्यूबचं आयुष्य नव्याने मोजावं लागलं. आतली तपासणी करायची साधनं, स्प्रिंग जागेवर आणायची युक्ती, शेवटी सगळ्याच्या सगळ्या ट्यूब बदलायचं तंत्र, हे भाभा केंद्र आणि न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या टीमनी मिळून केलं. राजस्थानचं दुसरं युनिट त्यासाठी १९९४ मध्ये बंद झालं आणि १९९८ मध्ये पुन्हा वीज देऊ लागलं. गुजरातमधल्या काक्रापार केंद्राच्या दुसऱ्या युनिटपासून ट्यूब झिर्कोनियम-अडीच टक्के नायोबियमच्या आहेत, त्या हायड्रोजन कमी घेतात.

तामिळनाडूत कल्पक्कमला असलेल्या मद्रास अणुवीज केंद्राचं दुखणं वेगळं होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही युनिटमध्ये कॅलँड्रियात जड पाणी सोडणारे मॅनिफोल्ड, म्हणजे पाणी वाटून देणारे भाग, आतच तुटले, जिथे माणूस जाऊ शकत नाही. भट्ट्या मोडीत काढाव्या लागतील अशी वेळ होती. पाण्याची वाट बदलून त्या सुमारे १७० मेगावॉटवर चालवल्या आणि पुढे २००० नंतर ट्यूब बदलताना स्पार्जर (जड पाणी आत सोडणाऱ्या भोकांच्या नळ्या) बसवून पूर्ण क्षमता परत मिळवली. यात काकोडकरांचं नाव अग्रक्रमाने घेतात आणि ते योग्यच आहे, १९६३ च्या बॅचचा हा मेकॅनिकल इंजिनिअर त्याआधी ट्रॉम्बेच्या ध्रुव या संशोधन भट्टीच्या डिझाइनमध्ये होता. ध्रुव ऑगस्ट १९८५ मध्ये क्रिटिकल झाली तेव्हा इंधनाच्या कंपनांचा त्रास निघाला, जुळणी बदलली आणि १९८८ मध्ये पूर्ण १०० मेगावॉट गाठले.

फास्ट रिअॅक्टरच्या, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या भट्ट्यांच्या शाखेत कोल्हापूर जिल्ह्यातले शिवराम भोजे महत्त्वाचे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६५ मध्ये पदवी, मग ट्रेनिंग स्कूल, नंतर फ्रान्समध्ये कादाराशच्या अणुकेंद्रात डिझाइनचं काम. कल्पक्कमची फास्ट ब्रीडर टेस्ट रिअॅक्टर ऑक्टोबर १९८५ मध्ये क्रिटिकल झाली. १९८७ मध्ये तिथे इंधन हलवताना अपघात झाला आणि भट्टी थंड ठेवणाऱ्या द्रव सोडियमच्या आत वाकलेले भाग कापून काढून भट्टी पुन्हा चालवायला दोन वर्षं लागली. भोजे २००० ते २००४ इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते, २००३ मध्ये पद्मश्री.

ऑपरेटर, वेल्डर, फिटर यांची नावं छापील साधनांत फारशी येत नाहीत, वरच्या दुरुस्त्यांमध्ये त्यांचा वाटा मोठा असूनही. स्कूलची पद्धत पुढे इंदूर, हैदराबाद आणि कल्पक्कमलाही गेली, आणि २००५ मध्ये होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट हे अभिमत विद्यापीठ झाल्यावर कोर्स करता करता एम.टेक. आणि पीएच.डी.ची सोय झाली.